गोधडीला गोट का नसतो

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

समोर टेबलावर जी पसरली आहे, ती आमच्यातल्या एकीच्या आत्याची गोधडी. भाषण संपल्यावर जवळ येऊन बघा, हात लावा, पण कडेला धरून ओढू नका. तिची कड आम्हीच घालवली आहे आणि आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच झाली.

झालं असं की गोधडी जुनी, चाळीसेक वर्षांची. कडेला दोन-तीन ठिकाणी विरली होती. आम्हाला वाटलं, एवढी चांगली वस्तू, जरा नीटनेटकी करून घेऊ. म्हणून एका शिवणकामाच्या दुकानात दिली आणि सांगितलं, चारही बाजूंनी छान सॅटिनची पट्टी मारून द्या. आठ दिवसांनी परत आली तेव्हा फार सुरेख दिसत होती, मरून रंगाची चकचकीत पट्टी, कोपरे टोकदार. दोनदा धुतल्यावर पट्टीला लागून जुनं कापड रेघ ओढल्यासारखं फाटत गेलं. पोस्टाच्या तिकिटांना मध्ये भोकांची ओळ असते ना, तिथून तिकीट सुटतं, तसंच. मशीनची सुई एका इंचात दहा-बारा भोकं पाडते. नव्या कापडाला ते काहीच वाटत नाही, पण पन्नास वेळा धुतलेल्या सुताला ती भोकं म्हणजे फाडण्याची खूणच. पट्टी शाबूत राहिली आणि कंबरपट्ट्यासारखी गोधडीपासून अलग झाली.

खरी चूक त्याच्याही आधी झाली होती, ती आम्हाला नंतर समजली. पट्टी सरळ बसावी म्हणून दुकानात गोधडीची वेडीवाकडी कड आधी कात्रीने सरळ कापून घेतली होती. यात दुकानाचा दोष नाही. पट्टी लावायची तर कड सरळ करावीच लागते आणि सांगितलं आम्हीच होतं. आत्या तेव्हा हयात होत्या. त्यांनी गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, ‘कायले लावली वो थे पट्टी? लुगड्याले काठ होता ना आंगचाच.’

हे वाक्य आम्हाला नीट कळायला दोन-तीन वर्षं लागली. ते समजून घेताना हुडकेश्वर आणि आसपासच्या ओळखीच्या घरांमधल्या जितक्या गोधड्या बघायला मिळाल्या तितक्या बघितल्या. काय दिसलं, ते आज सांगायचं आहे.

आधी शब्द सरळ करू. कापडाच्या कडेवर वेगळी पट्टी दुमडून बसवतात, तिला जुन्या शिवणकामात गोट म्हणतात, मगजी म्हणतात. आज दुकानात पायपिंग म्हणतात. तिरकी कापलेली असेल तर उरेब पट्टी. रजईला, दुलईला, अंगरख्याला गोट असायचा. गोधडीला बहुतेक वेळा नसतो. याचं कारण विचारलं की लोक दोन उत्तरं देतात. गरीब बायका, पट्टीला पैसे कुठून आणणार? किंवा, घरगुती काम, त्यात कोण एवढी सफाई बघतो? दोन्ही उत्तरांत गोधडी अर्धवट राहिलेली वस्तू ठरते. आम्हीही तेच मानलं होतं, म्हणूनच दुकानात गेलो. आज आमचं म्हणणं वेगळं आहे. गोधडीची कड राहून गेलेली नसते, ती सगळ्यात आधी पुरी झालेली असते.

गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहेत, म्हणजे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ते चांगले रुळलेले होते. आपल्याकडे म्हाताऱ्या बाया वाकळला ‘वाकय’ म्हणतात. ही वस्तू रजईपासून वेगळी ठेवली पाहिजे. रजईत पिंजलेला कापूस असतो, तिला पिंजारी लागतो, खोळ लागते. गोधडीत कापूस नसतो. जुनं कापड, त्याच्यावर जुनं कापड, आणि सगळं एकत्र धरून ठेवणारा धावदोरा.

आता इथे कुणीही विचारेल की हा कापसाचा मुलूख. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गाठी बांधून जगभर गेला, आणि इथला शेतकरी चिंध्या पांघरतो? हो, त्याचं कारण सरळ आहे. कापूस विकायचा असतो. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, त्यानंतर तर तो आणखी सोप्या रीतीने विकला जाऊ लागला. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. घरात राहायचं ते कापड, आणि तेही वापरून झालेलं. नागपूरची थंडी थोडे दिवस असते पण असते तेव्हा बोचते. २९ डिसेंबर २०१८ ची सकाळ इथल्या अनेकांना आठवत असेल, पारा ३.५ अंशांवर आला होता. त्या रात्री ब्लँकेटवर गोधडी घेतलेली माणसं या हॉलमध्ये नक्की असतील.

तर, वापरून झालेलं कापड म्हणजे कोणतं? मुख्यतः लुगडं आणि धोतर. नागपूर, उमरेड, पवनी हा पट्टा कोष्ट्यांचा. शहरात तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक या भागात मागांचा आवाज ऐकत मोठी झालेली माणसं अजून आहेत. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला, त्यात कोष्ट्यांवर वेगळी नोंद आहे. रेशीमकाठी लुगडी आणि धोतरं ही त्यांची ख्याती. आपल्या विषयाचं सगळं गुपित या ‘काठी’ शब्दात आहे.

मागावर काय होतं बघा. ताण्याचे धागे लांब पसरलेले. धोटा बाण्याचा धागा घेऊन डावीकडून उजवीकडे जातो आणि शेवटच्या ताण्याला वळसा घालून परत फिरतो. कापला जात नाही, परत फिरतो. प्रत्येक ओळीला हेच. त्यामुळे लुगड्याच्या लांब बाजूला सुटं टोकच नसतं आणि दशा निघायचा प्रश्नच येत नाही. त्यात काठाला विणकर धागे दाट घेतो, कारण लुगड्याचा हा भाग जमिनीला घासतो, पायात येतो, कमरेला खोचला जातो. म्हणून लुगडं मधे विरतं तेव्हाही काठ धड असतो. म्हणजे गोधडी शिवणाऱ्या बाईच्या हातात जे कापड यायचं त्याच्या दोन बाजूंना कोष्ट्याने आधीच गोट विणून दिलेला होता. आत्या म्हणाल्या तो ‘आंगचाच’ काठ हा.

राहिल्या दोन आखूड बाजू, पदराची आणि दुसऱ्या टोकाची. त्यांचं काय? इथे तुमच्या हातात दिलेली कागदाची लांब पट्टी घ्या. हे नऊवारी लुगडं समजा. पट्टीची दोन्ही टोकं मध्यावर आणा, एकमेकींना टेकवा. झालं? आता मधल्या रेघेवर पुन्हा दुमडा, अशा बेताने की टोकं आत राहतील. काय मिळालं? चार थर. एका आखूड बाजूला बंद घडी, आणि दोन्ही टोकं तिच्या पोटात. दुसऱ्या आखूड बाजूला दोन घड्या, त्यांच्यामध्ये पाकिटासारखं तोंड. लांब बाजूंना चारही थरांचे काठ एकावर एक. सुटं टोक कुठेही बाहेर नाही.

आता माप बघा. नऊ वारांचे चार भाग केले तर सव्वादोन वार, म्हणजे पावणेसात फूट लांबी. पन्हा सव्वा वाराचा धरला तर रुंदी पावणेचार फूट. एका माणसाची गोधडी. एकही कात्री न लावता, एकही पट्टी न जोडता. पहिल्यांदा कागद घेऊन बसलो तेव्हा हे जमल्यावर आम्ही जरा वेळ गप्पच झालो. पदराची सगळी नक्षी पोटात जाते हेही तेव्हाच लक्षात आलं.

सगळ्या घरांत हीच घडी असते असं मात्र नाही. आत्यांची ही होती. दोघांसाठी गोधडी हवी तर दोन पन्हे शेजारी ठेवून काठाला काठ जोडतात. ही जोडणीही नवी नाही. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे शिवून पुन्हा नेसायचं लुगडं करायचे, त्याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं चारचौघांत नेसायला बायका संकोचायच्या, पण घरात सर्रास वापरायच्या. म्हणजे कापड गोधडीत येण्याआधीच एकदा दुरुस्त होऊन आलेलं असे.

दुसरी गोष्ट टाक्यांच्या क्रमाची. पट्टीवाली रजई शिवताना कड शेवटी होते. आधी मधलं टाचण, मग कडा सरळ कापणं, मग पट्टी. गोधडीचं उलट. चटईवर थर अंथरायचे, वर पाणी शिंपडून हाताने सुरकुत्या काढायच्या, चार कोपऱ्यांवर वजन म्हणून वरवंटा, पितळी डबा, जे असेल ते ठेवायचं आणि पहिला टाका कडेवर घालायचा. कडेने एक पूर्ण फेरी. मग दोन बोटं आत सरकून दुसरी. चौकोनाच्या आत चौकोन, असं करत मध्याला पोचायचं. तुमच्या घरच्या गोधडीवर जाऊन बघा, धावदोऱ्याचे चौकोन बाहेरून आत गेलेले दिसतील. पहिल्या संध्याकाळीच कड बंद झाली की वस्तू वापरण्याजोगी होते. उरलेलं काम महिनाभर रेंगाळलं तरी चालतं, आणि बायकांच्या दुपारी किती तुकड्यांत मिळतात हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

हा क्रम एकट्या आपलाच नाही. गोव्याच्या खाली, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे ते वंशज आहेत असं मानतात. त्यांच्यातले बरेच जण कोकणी बोलतात. त्यांच्या बायकांची गोधडी म्हणजे कवंदी. तीही कोपऱ्यावरून सुरू होते, कापडाची कड आत मुडपत मुडपत चारही बाजू फिरते आणि टाके गोल गोल मध्याकडे जातात. तिलाही पट्टी नाही. कोपऱ्यांवर मात्र त्रिकोणी घडीची फुलं बसवतात, आणि ती नसतील तर कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. कोपरा आधी झिजतो, तिथे ही जाड घडी येते. बंगालच्या कांथ्यात जुन्या साड्यांचे थर आणि धावदोराच असतो, टाके घालायला दोरासुद्धा साडीच्या काठातूनच उसवून घ्यायचे. आणि इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये, जिथे पट्टी लावणं सहज परवडलं असतं, तिथेही जुन्या रजयांच्या दोन्ही कडा आत मुडपून त्यावर धावदोऱ्याच्या दोन ओळी घालत. तेव्हा ‘गरीब होत्या म्हणून पट्टी नाही’ हे उत्तर पुरत नाही.

तिसरी गोष्ट, आणि आम्हाला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. गोधडी कायमची बंद करायची नसते. चार-पाच वर्षांनी वरचा थर विरतो. मग ती टाकत नाहीत, तिच्यावर नवं म्हणजे दुसरं जुनं लुगडं घालून पुन्हा टाके मारतात. आधीची गोधडी आतलं भरण होते. आमच्या या गोधडीची कड फाटली तेव्हा आत डोकावलो, तर हिरव्या लुगड्याच्या आत जांभळं, त्याच्या आत धोतर, त्याच्या आत बाळाचं दुपटं. अशा वस्तूला घट्ट शिवलेला गोट लावला तर पुढच्या वेळी आधी तो उसवत बसावं लागेल. हाताचा लांब धावदोरा, इंचाला तीन-चार टाके, एका टोकाला ओढला की निघून येतो.

मग पट्टी आली कुठून? कापड बदललं म्हणून आली. गिरणीचं पॉपलीन, मांजरपाट, चादरीचं कापड ताग्यातून मापून कापून मिळू लागलं. कापलं की दोन बाजू उघड्या. मग परकर, झंपर, फ्रॉक, सदरे असे बेतून शिवलेले कपडे वाढले. त्यांचे तुकडे गोधडीत येऊ लागले, त्यांना तर काठ कुठेच नाही. शिवणयंत्रं घरोघर आली. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० च्या दशकात उषा यंत्रं काढायला सुरुवात केली. पुढे ते यंत्र लग्नात मुलीला द्यायची वस्तू झालं. यंत्राला पट्टी मारणं सोपं, धावदोरा घालणं अवघड. मग आल्या पॉलिस्टरच्या साड्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि एकीवर दुसरी ठेवली की घसरतात. नव्या गोधड्यांना पट्टी लागते हे आम्ही नाकारत नाही. चुरगळणाऱ्या, काठ नसलेल्या तुकड्यांना धरायला काहीतरी हवंच. पण पट्टी ही नव्या कापडाची गरज होती, ती आपण जुन्या कापडावर लादली.

आणि लाज. तेही बोललं पाहिजे. आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, चिंधेबुवा म्हणायचे. त्यांनी चिंध्या अंगावर घेतल्या त्या उघडपणे, लोकांना त्यातून काहीतरी दिसावं म्हणून. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि पाहुणे आले की गोधडी दिवाणाच्या पेटीत टाकतो. हुडकेश्वर २०१३ मध्ये महानगरपालिकेत आलं. त्याच्या आधीपासूनच शेतांचे लेआउट पडत होते, मातीच्या घरांच्या जागी स्लॅब येत होते. नव्या घरात जुनी गोधडी न्यायची तर ती दुकानातल्यासारखी दिसायला हवी, हे आमच्या मनात होतंच. पट्टीचे पैसे आम्ही कडेसाठी कमी आणि त्यासाठी जास्त मोजले.

आता ज्यांना घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी. सुती नऊवारी किंवा हातमागाची सहावारी असेल तर कागदावर केलेली घडीच घाला. सहावारी असेल तर लांबी कमी भरेल, ती बाळासाठी. काठ नसलेलं कापड असेल तर आमच्या मते मुडप सगळ्यात बरी. वरचं कापड आणि अस्तर चारही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच आत वळवा, दोन्ही दुमडी समोरासमोर येतील अशा. मधलं भरण मात्र कडेपासून इंचभर आखूड कापा, नाहीतर कड वीटेसारखी जाड होते आणि सुई शिरत नाही. मग कडेला अगदी लागून एक धावदोरा आणि बोटभर आत दुसरा. झालं. पुढे कधी कड झिजली तर तेवढाच दोरा ओढायचा, कापड अजून बोटभर आत घ्यायचं, परत शिवायचं. गोधडी बोटभर लहान होते, बिघडत काही नाही.

अस्तर दोन इंच मोठं कापून दोनदा वळवून पुढच्या बाजूला तुरपायचं, हीही रीत चांगली आहे. ती पट्टीसारखी दिसते, म्हणून ज्यांना तो देखावा हवा त्यांना आवडते. पण ज्या घडीवर रोज हनुवटी घासते ती घडी अस्तराचीच असते, म्हणून अस्तर नवं घ्या. उशीच्या अभ्र्यासारखी खोळ करून उलटवायची रीत दुपट्याला ठीक, मोठ्या गोधडीला नको. वीतभर तोंडातून पाच-सहा थर उलटवताना आतलं भरण गोळा होतं आणि मग ते सारखं करता करता संध्याकाळ जाते. आम्ही केलंय, म्हणून सांगतो.

जुन्या कापडावर मशीन चालवू नका, एवढं मात्र हात जोडून सांगणं आहे.

या गोधडीचं पुढे काय केलं ते सांगून थांबतो. मरून पट्टी काढून टाकली. फाटलेली कड दोन बोटं आत मुडपली आणि हाताने दोन फेऱ्या घातल्या, आत्यांनीच पांढरा दोरा सांगितला होता, दुरुस्ती दिसू द्या म्हणाल्या. तीन बाजू धड झाल्या. चौथ्या बाजूला, तुम्हाला डावीकडे दिसते ती, कापड एवढं विरलं होतं की मुडपायला काही उरलं नाही. तिथे आम्ही दुसऱ्या एका लुगड्याचा काठ आणून जोडला आहे. रंग जुळत नाही. मूळचा काठ हिरवा-लाल होता, रेशमी. कापलेले काठ आम्ही दुकानातून मागून घेतले नाहीत, तेव्हा ते मागायची वस्तू आहे असं वाटलंच नव्हतं.

चला, प्रश्न असतील तर विचारा. आणि पुढच्या वेळी येताना ज्यांच्या घरी असेल त्यांनी एक जुनं सुती लुगडं आणा, कागदावर भागणार नाही. सुई-दोरा आम्ही आणतो.